धुक्यातील किनाऱ्याचा छायाचित्रकार : एडवर्ड वेस्टन

छायाचित्र काढणे आज फार सोपे झाले आहे. बोटाच्या एका स्पर्शाने समोरचे दृश्य टिपता येते आणि सूर्यास्त पाहायला समुद्रावर गेलेला प्रत्येक जण ते टिपतोही. परंतु एकाच किनाऱ्याकडे जवळजवळ वीस वर्षे पुन्हा पुन्हा जावे, त्याच खडकांकडे, त्याच झाडांकडे, त्याच धुक्याकडे नव्याने पाहावे आणि तरीही तो किनारा आपल्याला पुरता कळला असे मानू नये, असे वागणारी माणसे विरळाच. अमेरिकेतील थोर छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन हे अशांपैकी एक होते. त्यांच्या जीवनाचा आणि कार्याचा परिचय प्रस्तुत पाठात करून दिला आहे.

बालपण आणि पहिला कॅमेरा

एडवर्ड वेस्टन यांचा जन्म २४ मार्च १८८६ रोजी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील हायलँड पार्क या गावी झाला. त्यांचे वडील डॉक्टर होते, तर आई रंगभूमीवर काम केलेली अभिनेत्री होती. एडवर्ड अवघे पाच वर्षांचे असताना आईचे छत्र हरपले. त्यानंतर त्यांची थोरली बहीण मेरी हिनेच त्यांना आईच्या मायेने वाढवले. शाळेच्या अभ्यासात एडवर्ड यांचे मन फारसे रमत नसे.

१९०२ साली, सोळाव्या वर्षी, वडिलांनी त्यांना एक साधा कॅमेरा भेट दिला. या भेटीने त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. शिकागो शहरातील बागांमध्ये आणि मावशीच्या शेतावर ते कॅमेरा घेऊन भटकू लागले. आपल्याला काय करायचे आहे, हे त्यांना याच वयात उमगले आणि पुढे पन्नास वर्षांत त्या निश्चयात फरक पडला नाही.

१९०६ साली ते बहिणीकडे कॅलिफोर्नियात गेले आणि तिकडेच राहिले. आरंभी त्यांनी रेल्वेच्या मोजणीचे काम केले. मग कॅमेरा घेऊन ते दारोदार हिंडू लागले. लहान मुलांची, लग्नसमारंभांची, प्रसंगी अंत्यविधींचीही छायाचित्रे काढून त्यांनी पोट भरले. या कलेचे शास्त्र आपल्याला नीट यावे म्हणून त्यांनी इलिनॉयमधील छायाचित्रणाच्या विद्यालयात शिक्षण घेतले आणि ते कॅलिफोर्नियात परतले. १९०९ साली फ्लोरा चँडलर या शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला चँडलर, ब्रेट, नील आणि कोल असे चार मुलगे झाले.

यश आणि असमाधान

१९११ साली वेस्टन यांनी लॉस एंजेलिसजवळील ट्रॉपिको या गावी स्वतःचा छोटासा स्टुडिओ उघडला. त्या काळी छायाचित्र हे चित्रासारखे दिसावे, अशी रसिकांची अपेक्षा असे. त्यासाठी भिंगाची रचना अशी ठेवत की, सर्व आकार किंचित पुसट, स्वप्नवत दिसावेत. वेस्टन या पद्धतीत निष्णात झाले. प्रदर्शनांतून त्यांना पारितोषिके मिळू लागली, नावलौकिक वाढला, गिऱ्हाइकेही वाढली.

परंतु जसजसे यश मिळत गेले, तसतसे त्यांचे मन अस्वस्थ होऊ लागले. चित्रकाराची नक्कल करणे हे छायाचित्रकाराचे काम आहे काय, हा प्रश्न त्यांना सतावू लागला. डोळ्यालाही सहज न जाणवणारे बारकावे टिपण्याची शक्ती भिंगात असते. ती शक्ती दडपून दृश्य मुद्दाम धूसर करण्यात काय स्वारस्य, असे त्यांना वाटू लागले. १९२२ साली ते ओहायो राज्यात बहिणीला भेटायला गेले असता तेथील पोलाद कारखान्याची उंच धुरांडी त्यांनी टिपली. या छायाचित्रांत धूसरपणा नव्हता. स्पष्ट रेषा आणि भक्कम आकार यांतच त्यांचे सौंदर्य होते. वेस्टन यांच्या कलेला येथून नवे वळण लागले.

मेक्सिकोतील वर्षे

१९२३ साली वेस्टन यांनी चालता व्यवसाय सोडून मेक्सिकोला प्रयाण केले. थोरला मुलगा चँडलर आणि इटलीत जन्मलेली अभिनेत्री टीना मोदोत्ती हे त्यांच्यासोबत होते. टीनाने त्यांच्याकडून छायाचित्रण शिकून घेतले आणि पुढे त्या क्षेत्रात स्वतःचे नाव केले. पत्नी फ्लोरा आणि धाकटे तीन मुलगे मात्र कॅलिफोर्नियातच राहिले. वेस्टन यांच्या कलेसाठी हा निर्णय मोलाचा ठरला. पण त्याची किंमत त्यांच्या घरातील माणसांनीही मोजली, हे त्यांचे चरित्र सांगताना विसरता येत नाही.

त्या काळी मेक्सिकोत कलेचे नवे युग अवतरले होते. दिएगो रिव्हेरा यांच्यासारखे चित्रकार सार्वजनिक इमारतींच्या भिंतींवर भव्य चित्रे रंगवीत होते. अशा कलावंतांच्या सहवासात वेस्टन यांची दृष्टी प्रगल्भ झाली. मातीची भांडी, खेळणी, ढग अशा साध्या विषयांकडे ते वळले. दुसऱ्या खेपेला ते मेक्सिकोला गेले, तेव्हा त्यांनी दुसरा मुलगा ब्रेट याला सोबत नेले. ब्रेटने तेथेच पहिल्यांदा कॅमेरा हाती धरला. पैशाची चणचण कायम होती. १९२६ च्या अखेरीस वेस्टन कॅलिफोर्नियात परतले ते कायमचेच.

परतल्यावर त्यांनी शंख-शिंपले, फळे आणि भाज्या यांची छायाचित्रे काढण्यास आरंभ केला. १९२७ मधील 'नॉटिलस' शंखाचे आणि १९३० मधील ढोबळ्या मिरचीचे छायाचित्र ही जगभर गाजली. मंडईतून आणलेली मिरचीसुद्धा शिल्पासारखी दिसू शकते, हे पाहून लोक चकित झाले.

पॉइंट लोबोसचा किनारा

१९२९ साली वेस्टन कार्मेल या गावी राहायला गेले. हे गाव सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस पॅसिफिक महासागराच्या काठी वसलेले आहे. गावापासून अवघ्या काही किलोमीटरवर पॉइंट लोबोस नावाचे भूशिर समुद्रात घुसले आहे. स्पॅनिश भाषेत समुद्रसिंहांना समुद्री लांडगे म्हणतात. त्यांचे थवे येथील खडकांवर विसावतात, म्हणून या भूशिरास हे नाव पडले. १९३३ साली ते कॅलिफोर्निया राज्याचे संरक्षित क्षेत्र झाले.

येथे वाळूची लांबलचक, शांत पुळण नाही. ग्रॅनाइटच्या जातीचे कठीण कडे लाटांशी टक्कर घेत उभे आहेत. त्यांच्या शेजारी गोटे आणि वाळू यांच्या थरांनी बनलेले जुने खडक आहेत. लाटांनी ते झिजवून त्यांना वळणे, खळगे आणि पन्हळी दिल्या आहेत. कड्यांवर माँटेरे सायप्रसचे वृक्ष उभे आहेत. निसर्गतः वाढलेले या जातीचे वृक्ष जगात केवळ दोन ठिकाणी उरले आहेत. त्यांपैकी एक म्हणजे पॉइंट लोबोस. खाऱ्या वाऱ्याच्या माऱ्याने या झाडांच्या फांद्या पिळवटल्या जातात आणि जुनी खोडे वठून हाडांसारखी पांढरी पडतात.

या किनाऱ्याचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे तेथील धुके. वसंत आणि उन्हाळ्यात वायव्येकडून वाहणाऱ्या वाऱ्यांमुळे समुद्राच्या पृष्ठभागावरील पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते. त्याची जागा घेण्यासाठी तळाचे थंड पाणी वर येते. समुद्रावरची दमट हवा या थंड पाण्यावरून वाहताना गार होते, तिच्यातील बाष्पाचे बारीक थेंब बनतात आणि धुक्याचा जाड पडदा किनाऱ्यावर पसरतो. दुपारी ऊन तापले की तो समुद्राकडे सरतो आणि संध्याकाळी पुन्हा जमिनीवर चढतो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही तेथे मावळता सूर्य दिसेलच, याची खात्री नसते.

अवजड कॅमेरा, एकच संधी

वेस्टन यांचा कॅमेरा आजच्यासारखा खिशात मावणारा नव्हता. लाकडी चौकट, घडीचा भाता आणि पुढे भिंग अशी त्याची रचना होती. त्यात ८ इंच रुंद आणि १० इंच लांब असा फिल्मचा मोठा ताव बसत असे. हा कॅमेरा, फिल्मच्या पेट्या आणि जड तिपाई खांद्यावर घेऊन त्यांना निसरड्या खडकांवरून चालावे लागे. जागा ठरली की ते तिपाई रोवीत आणि डोक्यावर काळे कापड ओढून कॅमेऱ्याच्या मागील दुधी काचेवर दृश्य न्याहाळीत. काचेवर ते उलटे उमटे. आकाश खाली आणि समुद्र वर दिसे.

वेस्टन आपली छायाचित्रे मोठी करून छापत नसत. जेवढी निगेटिव्ह तेवढेच छायाचित्र, असा त्यांचा नियम होता. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून, वर टांगलेल्या साध्या दिव्याच्या उजेडात ते प्रत तयार करीत. नंतर कडा कापून दृश्य सुधारण्याची सवलत ते घेत नसत. साहजिकच चौकटीत काय ठेवायचे, काय गाळायचे आणि काळ्या-पांढऱ्या छटा कशा उमटतील, हे सर्व फिल्मवर प्रकाश पडण्यापूर्वीच त्यांना मनोमन ठरवावे लागे. तयार छायाचित्र आधी मनात पाहावे आणि मगच कॅमेऱ्याची कळ दाबावी, ही शिस्त त्यांनी आयुष्यभर पाळली.

जवळचा गोटा आणि दूरचा कडा दोन्ही सारखेच स्पष्ट यावेत, यासाठी भिंगाचे छिद्र अगदी बारीक ठेवावे लागते. बारीक छिद्रातून प्रकाश कमी येतो. म्हणून फिल्मला तो अधिक वेळ द्यावा लागतो. तेवढ्यात वारा आला आणि फांदी हलली, तर श्रम वाया जातात. भिंगाच्या अशाच एका अत्यंत बारीक छिद्राच्या क्रमांकावरून १९३२ साली 'ग्रुप एफ/६४' हे मंडळ स्थापन झाले. वेस्टन, अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, इमोजेन कनिंगहॅम आदी छायाचित्रकारांनी त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात प्रदर्शन भरवले. छायाचित्र स्वच्छ आणि स्पष्ट असावे, त्याने दुसऱ्या कलेचे सोंग घेऊ नये, हे या मंडळाचे म्हणणे होते.

धुके आणि मावळतीचा प्रकाश

अशा कॅमेऱ्याने धुक्यात आणि मावळतीच्या वेळी काम करणे हे अवघड आव्हान असते. सूर्य क्षितिजाकडे झुकला की उन्हाची तिरीप खडकांवरून आडवी जाते आणि दुपारी सपाट भासणाऱ्या दगडावरची प्रत्येक चीर सावलीने उठून दिसते. हा प्रकाश थोडाच वेळ टिकतो आणि क्षणोक्षणी मंदावत जातो. धुके याच्या उलट वागते. ते प्रकाश सगळीकडे सारखा विखुरते, सावल्या पुसून टाकते आणि दूरचे कडे एकामागून एक फिके करत नेते. काळ्या खडकामागे करडा खडक, त्यामागे आणखी फिका, आणि शेवटी केवळ पांढरेपण, अशा पायऱ्यांनी दृश्याला खोली येते. मंद उजेडात फिल्मला अधिक वेळ दिला की, खडकांभोवती उसळणारे पाणीही धुक्यासारखेच मऊ दिसू लागते.

वेस्टन यांचे बहुतेक काम कृष्णधवल होते. सूर्यास्ताचे तांबडे-केशरी रंग त्यांच्या फिल्मवर उमटणारच नव्हते. रंग वजा केल्यावर संध्याकाळच्या दृश्यात उरतात ते आकार, पोत आणि उजेडाच्या पायऱ्या. वेस्टन यांची नजर नेमकी त्यांवरच खिळलेली असे. कार्मेलला आल्यानंतरच्या पहिल्या वर्षांत त्यांनी सायप्रसची मुळे, समुद्रशेवाळ, झिजलेले दगड यांची अगदी जवळून छायाचित्रे घेतली. या चित्रांत आकाश क्वचितच दिसते. १९३८ नंतर त्यांची चौकट रुंदावली. त्या छायाचित्रांत फेसाळ लाटा, कडे आणि धुक्याने वेढलेला विस्तीर्ण किनारा येऊ लागला. किनारा तोच होता. पाहणाऱ्याची दृष्टी वाढली होती.

हे काम चालू असताना अमेरिकेत भयंकर मंदी पसरली होती. लाखो लोकांचे रोजगार गेले होते. अशा काळात खडक आणि झाडे कसली टिपत बसता, असा आक्षेप काही समकालीनांनी घेतला. वेस्टन स्वतः काही सुखात नव्हते. पोटासाठी त्यांना गिऱ्हाइकांची व्यक्तिचित्रे काढावी लागत. त्यांतील सुरकुत्या पुसून देण्याचे काम त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटे. म्हणून पुढे त्यांनी अशी दुरुस्ती करणेच बंद केले. दगड असो वा माणसाचा चेहरा, तो जसा आहे तसा पाहणे हेच त्यांच्या दृष्टीने सत्याशी इमान राखणे होते. त्यांना आपल्या कामाची बाजू वादविवादाने मांडण्यापेक्षा कामानेच मांडणे अधिक पसंत होते.

शिष्यवृत्ती आणि प्रवास

१९३७ साली वेस्टन यांना गुगेनहाइम प्रतिष्ठानची २,००० डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली. तोवर ही शिष्यवृत्ती कोणाही छायाचित्रकाराला मिळाली नव्हती. छायाचित्रण ही स्वतंत्र कला आहे, याला मिळालेली ती मोठी मान्यता होती. कॅरिस विल्सन या तरुण लेखिकेसह त्यांनी मोटारीने कॅलिफोर्निया आणि शेजारच्या राज्यांत हजारो मैल प्रवास केला. वेस्टन यांना मोटार चालवता येत नसे. मोटार कॅरिस चालवीत आणि प्रवासाची नोंदही त्याच ठेवीत. त्या नोंदींतून आणि वेस्टन यांच्या छायाचित्रांतून १९४० साली 'कॅलिफोर्निया अँड द वेस्ट' हे पुस्तक सिद्ध झाले. १९३८ साली मुलगा नील याने कार्मेलच्या दक्षिणेस एका टेकाडावर त्यांच्यासाठी लहानसे लाकडी घर बांधले. १९३९ साली एडवर्ड आणि कॅरिस विवाहबद्ध झाले. पॉइंट लोबोस आता त्यांच्या दारापासून जवळच होते.

युद्ध, आजार आणि शेवटचे छायाचित्र

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने पॉइंट लोबोसचा ताबा घेतला आणि तेथे सामान्य माणसाला मज्जाव झाला. ज्या किनाऱ्यावर वेस्टन यांचा जीव जडला होता, तो हाकेच्या अंतरावर असूनही त्यांना दुरावला. तेव्हा त्यांनी घराभोवतालची झाडे आणि घरातील मांजरे टिपण्यास प्रारंभ केला. युद्ध संपल्यावर ते पुन्हा किनाऱ्यावर जाऊ लागले. परंतु तोवर दुसरेच संकट उभे राहिले होते. त्यांना कंपवाताने ग्रासले होते. या रोगात हातपाय थरथरतात, हालचाली मंदावतात आणि स्नायू ताठर होतात. ज्या हातांनी जड कॅमेरा पेलला, तेच हात आता त्यांचे ऐकेनासे झाले. याच सुमारास, १९४६ साली, त्यांचा आणि कॅरिस यांचा विवाह संपुष्टात आला.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांच्या आजवरच्या कामाचे भव्य प्रदर्शन भरवले. त्या वेळी त्यांच्या छायाचित्राची एक प्रत २५ डॉलरला विकली जाई. पुढे २०१० साली त्यांच्या 'नॉटिलस'च्या एका प्रतीला लिलावात १० लाख डॉलरहून अधिक किंमत आली. कीर्ती आणि पैसा यांची वेळ जुळतेच असे नाही, याचे हे बोलके उदाहरण होय. प्रदर्शनानंतरच्या काळात कोडॅक कंपनीच्या विनंतीवरून त्यांनी पॉइंट लोबोसची काही रंगीत छायाचित्रेही घेतली. साठी ओलांडलेल्या, आजारी माणसाने आपल्या कलेचे एक नवे दालन उघडून पाहिले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

१९४८ साली वेस्टन यांनी पॉइंट लोबोसच्या किनाऱ्यावर आपले शेवटचे छायाचित्र घेतले. त्यात विखुरलेले दगडगोटे आहेत. दुसरे काही नाही. एवढ्या मोठ्या प्रवासाची अखेर त्यांनी कोणत्याही भव्य दृश्याने केली नाही.

यानंतर ते जवळपास दहा वर्षे जगले. कॅमेरा हाती धरता येत नसला, तरी त्यांचे काम थांबले नाही. त्यांनी आयुष्यभरातील निगेटिव्ह तपासून त्यांतील आठशेहून अधिक निवडल्या. अंधाऱ्या खोलीत उभे राहून ब्रेट त्यांच्या प्रती काढी. पुढे प्रती काढण्याची जबाबदारी कोलने सांभाळली. ज्या मुलाच्या हाती वडिलांनी मेक्सिकोत कॅमेरा दिला, तोच मुलगा आता त्यांचे हात झाला होता.

१ जानेवारी १९५८ रोजी एडवर्ड वेस्टन यांचे राहत्या घरी निधन झाले. त्यांच्या मुलांनी त्यांची रक्षा पॉइंट लोबोसच्या एका गोट्यांच्या किनाऱ्यावर समुद्रात विसर्जित केली. त्या किनाऱ्याला पुढे वेस्टन यांचेच नाव देण्यात आले.

वेस्टन यांनी दूरदूरचे प्रदेश पाहिले, तरी त्यांच्या कलेचे सार काही किलोमीटरच्या एका खडकाळ किनाऱ्यात सामावले आहे. तेथील धुके रोज येई, सूर्य रोज मावळे आणि दगड आपल्या जागीच असत. जे रोज दिसते, ते खरोखर पाहण्यासाठी लागणारी चिकाटी आणि प्रामाणिकपणा त्यांच्यापाशी होता. त्यांच्या छायाचित्रांचे मोठेपण त्यातच आहे.

स्वाध्याय

१. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर धुके कसे तयार होते, ते तुमच्या शब्दांत लिहा.
२. छायाचित्र घेण्यापूर्वीच सर्व गोष्टी मनात ठरवणे वेस्टन यांना का आवश्यक होते?
३. मंदीच्या काळात वेस्टन यांच्यावर कोणता आक्षेप घेण्यात आला? त्याबद्दल तुमचे मत सकारण मांडा.
४. वेस्टन यांच्या पहिल्या आणि नंतरच्या काळातील पॉइंट लोबोसच्या छायाचित्रांत कोणता फरक दिसतो?
५. तुम्ही रोज पाहता अशी एखादी जागा निवडा. सकाळी, दुपारी आणि सूर्यास्ताच्या वेळी तिचे निरीक्षण करा आणि प्रकाशामुळे जाणवलेला फरक आठ ते दहा ओळींत लिहा.